बैलजोडीची पेटी : पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचा हिशेब

(सभासद शिक्षण : अभ्यासलेख)
— ऊस विकास अधिकारी



या सदरात एरवी आपण लागण, खोडवा, बेणे, खताची मात्रा आणि पाण्याच्या पाळ्या यांचा विचार करतो. या अंकात थोडा निराळा विषय घेतला आहे. त्याचे कारण असे की कारखान्याच्या निवडणुकीचे वारे वाहू लागले की गटात फिरताना एक वाक्य हमखास कानावर पडते : "साहेब, आमच्या एका मतानं काय होते? निवडून यायचे ते येतेच."

हे म्हणणे खरे की खोटे, ते भाषणाने ठरत नाही. आकड्याने ठरते. आणि या बाबतीतले सर्वांत बोलके आकडे आपल्या देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सापडतात. १९५१-५२ साली झालेल्या त्या निवडणुकीत काँग्रेस या एकाच पक्षाने लोकसभेच्या ४८९ पैकी ३६४ जागा जिंकल्या. म्हणजे चार आण्यांतले जवळजवळ तीन आणे एकाच्या झोळीत. पाहणाऱ्याला वाटावे की सारा देश एका बाजूला उभा होता. तसे खरोखर होते काय, हे आज आपण बांधावर बसून हिशेब करावा तसे पाहू.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. हा लेख कोणत्याही पक्षाच्या तरफदारीचा नाही की विरोधाचाही नाही. येथे ज्या पक्षाचे नाव आले आहे, त्याच्या जागी दुसरा कोणताही पक्ष किंवा कोणतेही पॅनेल ठेवून वाचावे. हिशेब तोच राहील.

१. त्या वेळी आपण कोठे होतो?

त्या वेळी महाराष्ट्र राज्य जन्माला यायचे होते. अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ हे आपले वऱ्हाडचे जिल्हे मध्य प्रदेश राज्यात होते. राजधानी नागपूर आणि मुख्यमंत्री पंडित रविशंकर शुक्ल. पुढे १९५६ मध्ये वऱ्हाड द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आले.

त्याआधीही निवडणुका होत होत्या. १९३७ व १९४६ साली प्रांतिक कायदेमंडळाच्या निवडणुका झाल्या. पण मताचा अधिकार सर्वांना नव्हता. शेतसारा, मालमत्ता, शिक्षण अशा अटी होत्या. ज्याच्या नावे वावर, त्याचे मत. त्याच वावरात बारा महिने राबणाऱ्या सालदाराला मत नव्हते, निंदणाऱ्या-वेचणाऱ्या बहुतेक बायांनाही नव्हते. राज्यघटनेने ही अट काढून टाकली आणि २१ वर्षांवरील प्रत्येक नागरिकाला एक मत दिले. (मतदानाचे वय १८ झाले ते १९८९ साली.) मालक आणि सालदार प्रथमच एका रांगेत उभे राहिले आणि दोघांच्या मताचे वजन सारखे झाले. या निवडणुकीतली खरी मोठी गोष्ट हीच होय. जागांचा आकडा त्यानंतर येतो.

२. आधी यादी, मग मत

देशाचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढचे काम आजही मनात आणले तर छाती दडपते. सुमारे १७ कोटी ३० लाख मतदार. त्यांतील बहुसंख्य लोकांना लिहिता-वाचता येत नव्हते. याद्या टंकलिखित करण्यासाठी साडेसोळा हजार कारकून सहा महिने बसले होते. सुमारे दोन लाख चोवीस हजार मतदान केंद्रे उभारावी लागली आणि वीस लाखांच्या आसपास पोलादी मतपेट्या तयार कराव्या लागल्या. मतदान २५ ऑक्टोबर १९५१ रोजी हिमाचलातल्या डोंगरी भागात सुरू झाले, कारण पुढे तेथे बर्फ पडून वाटा बंद होणार होत्या. ते फेब्रुवारी १९५२ पर्यंत टप्प्याटप्प्याने चालले.

यादीच्या कामात एक प्रकार असा घडला की तो प्रत्येक सभासद भगिनीने लक्षात ठेवावा. उत्तरेकडील काही राज्यांत बायांनी यादीवाल्याला आपले नाव सांगितलेच नाही. "अमक्याची बायको", "तमक्याची माय" एवढेच सांगितले. परक्या पुरुषाला नाव सांगणे त्यांना बरे वाटले नाही. सेन यांनी ठरवले की नाव नसलेली नोंद यादीत राहणार नाही. सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे अशा रीतीने गळाली. कायद्याने अधिकार दिला होता, पण यादीत नाव नाही म्हणून तो हातात आला नाही. हा निर्णय कठोर होता, पण पुढच्या निवडणुकीपर्यंत बायका स्वतःचे नाव सांगू लागल्या, हाही त्याचा परिणाम झाला.

३. प्रत्येकाची पेटी वेगळी

आज आपण यंत्राचे बटण दाबतो. त्याआधी बरीच वर्षे कागदावर शिक्का मारीत होतो. पहिल्या निवडणुकीत यांपैकी काहीच नव्हते. आडोशामागे प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी ठेवलेली असे आणि पेटीवर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे. मतदाराने मिळालेली मतपत्रिका आपल्या पसंतीच्या पेटीत टाकायची, एवढेच काम. शिक्का नाही की सही नाही. ज्याला अक्षर ओळखता येत नाही, त्याने चिन्ह ओळखावे.

काँग्रेसचे चिन्ह होते जू घेतलेली बैलजोडी. समाजवादी पक्षाचे झाड, किसान मजदूर प्रजा पक्षाची झोपडी, जनसंघाचा दिवा, कम्युनिस्टांचे कणीस-विळा, तर शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती. आपल्या भागात पोळ्याला ज्यांची पूजा होते, वखरापासून बंडीपर्यंत ज्यांच्यावर सारा संसार चालत होता, तीच जोडी पेटीवर दिसल्यावर कास्तकाराला ती ओळखायला वेळ लागला नसणार. (१९६९ मध्ये काँग्रेस फुटल्यावर हे चिन्ह गोठवले गेले.)

या पद्धतीत एक खोट होती. मतपत्रिका पेटीत न टाकता बाहेर आणणे शक्य होते आणि बाहेर आलेला कागद विकला जाऊ शकत होता. म्हणून १९६२ च्या निवडणुकीपासून बहुतेक ठिकाणी एकच पेटी आणि शिक्का मारायची मतपत्रिका ही पद्धत आली. बोटाला लावायची म्हैसूरची पक्की शाईही तेव्हापासूनचीच.

४. वऱ्हाडचा निकाल

अमरावती जिल्ह्यातून डॉ. पंजाबराव देशमुख आणि कृष्णराव गुलाबराव देशमुख लोकसभेवर गेले. बुलढाणा-अकोला हा दोन जागांचा मतदारसंघ होता. त्यातली एक जागा अनुसूचित जातींसाठी राखीव होती. तेथून गोपाळराव बाजीराव खेडकर आणि लक्ष्मण श्रावण भटकर निवडून आले. चौघेही काँग्रेसचे. मध्य प्रदेश विधानसभेतही २३२ पैकी १९४ जागा काँग्रेसला मिळाल्या.

दोन जागांच्या मतदारसंघात प्रत्येक मतदाराला दोन मते असत, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. आपल्या कारखान्याच्या गटात जितक्या जागा तितकी मते असतात, त्यासारखाच हा प्रकार. संसदेसाठी व विधानसभांसाठी असे मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने बंद झाले.

काँग्रेसच्या विजयाची कारणे उघड होती. स्वातंत्र्याच्या लढ्याची पुण्याई होती. तालुक्या-तालुक्यात कार्यकर्ते होते. पंडित नेहरूंनी प्रचारासाठी देशभर सुमारे पंचवीस हजार मैलांचा प्रवास केला. शिवाय आपल्याकडे माणसेही तशी होती. पंजाबराव देशमुख हे केवळ पक्षाच्या चिन्हावर आलेले उमेदवार नव्हते. १९२७-२८ चा अमरावतीच्या अंबादेवी मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह, शिवाजी शिक्षण संस्था, १९३० नंतर मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्री म्हणून केलेले काम, हे सारे लोकांसमोर होते. पुढे १९५२ ते १९६२ ते केंद्रात कृषिखात्याचे मंत्री राहिले. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला आज त्यांचेच नाव आहे.

५. आता आकड्यांचा हिशेब

जागा ३६४ मिळाल्या, म्हणजे शेकडा ७४. मग मते किती मिळाली असतील? आपण अंदाजाने ७० म्हणू. प्रत्यक्षात मिळाली शेकडा ४५. म्हणजे मत देणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी दुसऱ्या कोणाला तरी मत दिले होते.

आणखी एक पायरी खाली उतरू. यादीतल्या शंभर मतदारांपैकी केंद्रावर आले ते ढोबळमानाने ४५. त्या ४५ पैकी शेकडा ४५ म्हणजे सुमारे २० जणांनी बैलजोडीच्या पेटीत कागद टाकला. म्हणजे एखाद्या गावात शंभर मतदार धरले, तर २० जणांनी विजयी पक्षाला मत दिले, २५ जणांनी इतरांना दिले आणि ५५ जण घरी, वावरात किंवा बाजारात राहिले. त्या २० जणांच्या जोरावर तीन-चतुर्थांश जागा आल्या.

यात कोणी लबाडी केली असे समजू नये. नियम सर्वांना सारखाच होता. ज्याला सर्वांत जास्त मते तो निवडून येतो, मग ती निम्म्याहून कमी का असेनात. समोरचे तीन-चार जण आपसांत मते वाटून घेतात आणि एकटा उभा असलेला पुढे निघून जातो.

६. पाणी पसरले की ओल मुरत नाही

हरलेल्या पक्षांचे आकडे तर याहून शिकवणारे आहेत. समाजवादी पक्षाला देशभरात सुमारे १०.६ टक्के मते पडली आणि जागा मिळाल्या १२. कम्युनिस्ट पक्षाला मते केवळ ३.३ टक्के, पण जागा १६. तिप्पट मते असलेल्याला कमी जागा आणि तिसरा हिस्सा मते असलेल्याला जास्त!

कारण आपल्याला समजायला अवघड नाही. विहिरीला पाणी थोडे असताना दहा एकरांत मोकाट सोडले तर कोठेच ओल मुरत नाही. तेच पाणी दोन एकरांत सरीने दिले तर ऊस तग धरतो. समाजवाद्यांनी फार जागा लढवल्या आणि त्यांची मते देशभर पातळ पसरली. कम्युनिस्टांनी थोड्या भागांत जोर लावला.

मोठी माणसेही या हिशेबातून सुटली नाहीत. घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे १९५२ मध्ये उत्तर मुंबईतून काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून पराभूत झाले. १९५४ मध्ये आपल्या विदर्भातल्या भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत भाऊराव बोरकर यांच्याकडून पुन्हा हरले. ज्यांनी सर्वांना मताचा अधिकार देणारी घटना लिहिली, त्यांनाच लोकसभेत निवडून जाता आले नाही. ते राज्यसभेवर गेले.

७. जोडी किती काळ चालली?

१९५७ मध्ये काँग्रेसला सुमारे ४८ टक्के मते व ४९४ पैकी ३७१ जागा मिळाल्या. पण त्याच वर्षी पश्चिम महाराष्ट्रात चित्र पालटले. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी सर्व विरोधी पक्ष एका समितीखाली आले आणि त्यांनी मते फुटू दिली नाहीत. पुण्यात ना. ग. गोरे यांनी काकासाहेब गाडगीळांना हरवले. साताऱ्याकडून क्रांतिसिंह नाना पाटील लोकसभेत गेले. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण कराडमध्ये थोडक्यात वाचले. म्हणजे उसाच्या पट्ट्याने बैलजोडी सोडली आणि कापसाच्या आपल्या वऱ्हाडाने ती धरून ठेवली. विदर्भ, मराठवाडा आणि गुजरातच्या बळावर द्वैभाषिक राज्यातले काँग्रेसचे सरकार टिकले.

१९६२ मध्ये महाराष्ट्रात लोकसभेच्या ४४ पैकी ४१ जागा काँग्रेसने घेतल्या. अशा लाटेतही नागपूरकरांनी वेगळ्या विदर्भाचा आग्रह धरणाऱ्या लोकनायक बापूजी अणे यांना अपक्ष म्हणून निवडून दिले. लाट कितीही मोठी असली तरी मतदाराला स्वतःचे मत असू शकते, याचा हा घरचा दाखला.

मग आले १९६७. काँग्रेसची देशभरातली मते शेकडा ४४.७ वरून ४०.८ वर आली. घट फक्त चार टक्क्यांची. पण जागा ३६१ वरून २८३ वर उतरल्या! अनेक राज्यांत विरोधकांनी आपसांत समझोते केले होते. शंभरातल्या चार जणांनी विचार बदलला आणि सत्तरहून अधिक जागा फिरल्या. "एका मतानं काय होते?" या प्रश्नाचे उत्तर येथे आहे.

आपले जिल्हेही कायम एकाच दावणीला राहिले नाहीत. १९८९ मध्ये त्याच अमरावतीने कम्युनिस्ट पक्षाचे सुदाम देशमुख यांना लोकसभेत पाठवले आणि अकोल्याने भारतीय जनता पक्षाचे पांडुरंग फुंडकर यांना.

८. सगळे एका बाजूला असतील तर विचारणार कोण?

पहिल्या लोकसभेत विरोधी पक्ष इतके लहान होते की अधिकृत विरोधी पक्षनेता असा कोणी झालाच नाही. ते पद प्रथम १९६९ मध्ये भरले गेले. तरीही सरकारला जाब विचारला गेला. १९५७ च्या डिसेंबरात आयुर्विमा महामंडळाने मुंदडा या उद्योगपतीच्या कंपन्यांत विमेदारांचा पैसा कसा गुंतवला, हा प्रश्न लोकसभेत लावून धरला तो फिरोज गांधी यांनी. ते स्वतः सत्ताधारी काँग्रेसचे सभासद आणि पंतप्रधानांचे जावई! न्यायमूर्ती छागला यांनी उघड चौकशी केली आणि १९५८ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला.

यावरून एवढे घ्यावे की प्रश्न विचारणे हे केवळ हरलेल्यांचे काम नाही. ज्यांनी निवडून दिले, त्यांचेही ते काम आहे. ज्याच्या मतावर कोणी खुर्चीवर बसला, त्याला कागद मागण्याचा हक्क अधिकच आहे.

९. आपल्या कारखान्यापुरते

आता घरचा विचार. सहकारी कायद्याप्रमाणे सभासदाचे शेअर एक असो की दहा, ऊस दोन एकर असो की वीस, मत एकच. ते स्वतः येऊनच द्यावे लागते, दुसऱ्याच्या हाती पाठवता येत नाही. १९५२ मध्ये मालक आणि सालदार एका रांगेत आले, तेच तत्त्व येथे आहे.

समजा, एका गटात यादीवर १००० सभासद आहेत. मतदानाला ५०० आले. तीन पॅनेलना २२०, १६० आणि १२० अशी मते पडली. गटातल्या सर्व जागा पहिल्या पॅनेलला जातील. त्याला यादीतल्या शेकडा २२ जणांचाच पाठिंबा आहे. आणि जे ५०० घरी राहिले, ते विजयी मतांच्या दुपटीहून जास्त आहेत. मग उसाची तोड उशिरा आली, बिल लांबले, कर्ज वाढले की हेच ५०० जण चावडीवर सर्वांत मोठ्याने बोलतात. बोलण्याचा हक्क त्यांना जरूर आहे. पण निर्णय झाला तेव्हा ते हजर नव्हते.

गटात काम करताना मला सर्वांत जास्त आढळते ती अडचण यादीची आहे. वडील जाऊन कित्येक वर्षे झाली, ऊस मुलाच्या नावे नोंदला जातो, पण शेअर वडिलांच्याच नावावर आहे. मतदानाच्या दिवशी मुलगा येतो आणि परत जातो. कोठे शेती बाईच्या नावे, पण सभासदत्व कोणी केलेच नाही. २८ लाख स्त्रियांचे १९५१ मध्ये जे झाले, तेच आपण आपल्या हाताने करून घेतो. यास्तव पुढील चार कामे प्रत्येकाने करावीत :

(१) सभासद मयत असल्यास वारसाने मृत्यूचा दाखला व वारसाचे कागद घेऊन शेअर विभागात अर्ज द्यावा. निवडणूक लागेपर्यंत थांबू नये.

(२) मतदारांची कच्ची यादी लागली की स्वतःचे नाव डोळ्यांनी पाहावे. चूक असल्यास मुदतीत लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी. पक्की यादी झाल्यावर तक्रार करून उपयोग नाही.

(३) वार्षिक अहवाल घरी आला की तो रद्दीत टाकू नये. नफा-तोटा पत्रक, कर्जाचा आकडा, साखर उतारा आणि दर टनी प्रक्रिया खर्च ही चार पाने तरी वाचावीत. समजले नाही तर मुलाला-मुलीला वाचायला सांगावे.

(४) मतदान स्वतः करावे. कोणाला करावे, ते सांगणे या लेखकाचे काम नाही.

बैलजोडीची पेटी आता राहिली नाही. ज्यांनी त्या पेटीत पहिला कागद टाकला, तेही बहुतेक गेले. पण चिन्ह पाहून, आडोशामागे एकटे उभे राहून, कोणाला न विचारता कागद टाकण्याची जी सवय त्यांनी लावून दिली, ती आपल्याकडे वतन म्हणून आली आहे. वावर पडीक ठेवले तर दुसरा कोणी धुरा सरकवतो. मताचेही तसेच आहे.

अभ्यासासाठी प्रश्न (गट बैठकीत चर्चा करावी)

१. जागा शेकडा ७४ आणि मते शेकडा ४५, हे कसे घडले ते स्वतःच्या शब्दांत सांगा.
२. जास्त मते असूनही समाजवादी पक्षाला कम्युनिस्टांपेक्षा कमी जागा का मिळाल्या?
३. आपल्या गावातील किती शेअर मयत सभासदांच्या नावे आहेत? नावांची यादी करून गट कार्यालयात द्या.
४. मागील वार्षिक सभेत आपण कोणता प्रश्न विचारला होता? विचारला नसल्यास येत्या सभेसाठी एक प्रश्न लिहून ठेवा.